पाठ चालते, बोट चालत नाही

(आळंदी येथील युवक शिबिरात केलेले भाषण. बोललो तसेच दिले आहे, थोडे नीट करून.)



मला विषय दिलाय तो असा : मतदानाचं वय अठराच्या खाली आणावं काय, चौदा-पंधरा-सोळाच्या पोरापोरींना मत द्यावं काय. शाळेतल्या वादविवाद स्पर्धेत देतात तसा दिलाय. बाजूने बोला, विरोधात बोला, घंटा वाजली की खाली बसा. मी तसं बोलणार नाही. शिबिराच्या ठरावात हे कलम ठेवायचं की गाळायचं हे आज ठरायचंय. काल रात्री जेवणानंतर त्यावरनं इथंच भांडण झालं. आपल्यातल्या जुन्या कार्यकर्त्यांचं म्हणणं, हा पोरखेळ आहे, अत्याचार, जमीन, कंत्राटी कामगार असले जळते प्रश्न सोडून हे कुठलं खूळ काढलं? त्या काकालोकांचा मला आदर आहे. त्यांनी खाल्लेल्या लाठ्या मी मोजू शकत नाही. पण कलम ठेवा म्हणून बोलायला मी उभा आहे आणि जळते प्रश्न सोडून बोलणार नाही.

आणि बोलतोय कुठं? आळंदीत! ह्या गावात कुणी वयाच्या नावाने नाक मुरडावं यासारखा विनोद नाही. संन्याशाची पोरं म्हणून ह्याच गावच्या ब्रह्मवृंदाने चार भावंडांना वाळीत टाकलं, त्यांच्या आईबापाला देहान्त प्रायश्चित्त सांगितलं, पोरांना म्हणाले पैठणहून शुद्धिपत्र आणा. त्यातल्या एका पोराने शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, नेवाशाला गीतेवर टीका सांगितली. वय पंधरा. एकविसाव्या वर्षी इथं येऊन समाधीत बसला. आपल्या देशात १९८९ पर्यंत मताचं वय एकवीस होतं. त्या कायद्याने ज्ञानेश्वराला मत मिळालं असतं ते नेमकं समाधीच्या वर्षी. त्याची बहीण मुक्ताबाई त्याच्याहूनही धाकटी, आणि चौदाशे वर्षं जगला म्हणून सांगतात तो योगी चांगदेव, त्याने ह्या चिमुरडीला गुरू केलं. कथा खरी की खोटी ते कीर्तनकार बघतील. पण ही कथा सातशे वर्षं डोक्यावर घेऊन नाचणारा समाज आज सोळा वर्षांच्या पोरीला तोंडावर सांगतो, तुला समज नाही.

मी काही माळकरी नाही. इथली ती चालणारी भिंत मलाही दाखवली. दाखवणाऱ्याला मी म्हटलं, आमच्या चोखामेळ्याच्या वाट्याला दुसरी भिंत आली होती बाबा. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करता करता ती त्याच्या अंगावर कोसळली. एकाची भिंत चालते, एकाची पडते. चोखोबाचा पोरगा कर्ममेळा. बाप विठ्ठलापुढे हात जोडून रडला, पोरगा जाब विचारत उभा राहिला. बापाहून पोरगं जास्त कडवट निघणं ही आपल्यातली फार जुनी गोष्ट आहे, ती बहात्तर साली सुरू झाली असं समजू नका.

आता वय वय म्हणतात, ते वय येतं कुठून ते बघू. तुमच्या आजा-आजीच्या, कुणाकुणाच्या बापाच्याही दाखल्यावर जन्मतारीख काढून बघा. १ जून. अख्खी वस्तीच्या वस्ती १ जूनला जन्मली! हेडमास्तरने पोरगं बघितलं, उंची बघितली, पहिलीत बसवायला किती लागतील तेवढी वर्षं मागे मोजली आणि १ जून लिहून टाकला. आईला विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, मोठ्या दुष्काळानंतरच्या पावसात झाला. पण आईच्या सांगण्याला सरकारी शिक्का नसतो. त्या हेडमास्तरच्या टाकावर आपली नोकरी, आपलं रिटायर होणं, आपलं मत. मास्तरने एक साल इकडचं तिकडे केलं असतं तर माणूस एका निवडणुकीत नागरिक झाला असता किंवा नसता. असलं वय माणसाच्या अकलेचं माप म्हणून धरायचं म्हणजे सावकाराच्या तराजूत सोनं मोजण्यातला प्रकार झाला.

इथं आळंदीत तर दाखल्याला भलताच भाव. घरच्यांना चोरून लग्न करायला उभ्या महाराष्ट्रातून जोडपी येतात. जातीबाहेर जीव लावलेली, मागे भाऊबंद लागलेले, छातीत धडधड. त्यांना आधी विचारतात, वयाचा पुरावा. पोरगी अठरा पूर्ण, पोरगा एकवीस पूर्ण. एकोणीस वर्षांचा पोरगा देशाचं सरकार निवडायला लायक आणि स्वतःची बायको निवडायला नालायक! कायदा करणाऱ्यांनी वय ही वस्तू कशी जिथं सोयीची तिथं ताणली, जिथं अडचणीची तिथं आखडली, ते ह्या एका गावात उभं राहून शिकता येतं.

पुढे ऐका. बालकामगारांचा कायदा २०१६ मध्ये बदलला. चौदाच्या आतल्या मुलाला कामाला लावायचं नाही. बरोबर. पण शाळा सुटल्यावर 'कौटुंबिक धंद्यात मदत' केली तर चालते. कौटुंबिक धंदा! आपला कौटुंबिक धंदा काय होता हे आपल्याला कुणी सांगायची गरज नाही, गावाला तोंडपाठ आहे. वाण्याच्या पोराने गल्ल्यावर बसणं आणि आपल्या पोराने बापाबरोबर गटारीत उतरणं, कायद्याच्या कागदावर दोन्ही धंदे 'कौटुंबिक' वाटू शकतात. चौदा ते अठराच्या पोराला धोक्याची कामं सोडून बाकी कुठंही राबवता येतं. ॲप्रेंटिसला चौदा वर्षांपासून घेता येतं, तो कायदा १९६१ चा. म्हणजे चौदाव्या वर्षी तुझी पाठ या देशाची झाली. तुझ्या मजुरीतनं आणलेल्या साबणावर, वहीवर, बिस्किटाच्या पुड्यावर सरकार कर घेतं, तेव्हा वय विचारत नाही.

मी गोदीत लागलो तेव्हा मॅट्रिकचा कागद बरोबर नेला होता. मुकादमाने तो उघडला नाही. खांदा दाबून बघितला आणि म्हणाला, चालेल. अठराला अजून काही महिने होते. त्या महिन्यांत मी किती टन माल वाहिला त्याचा हिशोब ठेकेदाराच्या वहीत असेल, मतदारयादीत नव्हता. इथं चाकण, भोसरी, मोशीहून आलेले किती जण अठरा पूर्ण व्हायच्या आत कुठल्यातरी शेडमध्ये बारा-बारा तास उभे राहिले? हात वर करू नका, ठेकेदाराची माणसं कुठंही बसलेली असतात.

तुरुंगाचं बघा. २०१५ च्या बालन्याय कायद्याने सोळा ते अठरातल्या पोरावर भयंकर गुन्ह्याचा आरोप असेल तर मंडळ तपासतं, ह्याची मानसिक कुवत काय, परिणाम कळत होते काय. आणि ठरवलं तर मोठ्या माणसासारखा खटला चालवायला पाठवतं. म्हणजे सोळाव्या वर्षी समज असू शकते हे पार्लमेंटनेच मान्य केलंय. ही समज फक्त फौजदारी कोर्टात उपयोगाची. मतपेटीपाशी गेली की ती नाहीशी होते! आणि कुवत कुणाची कशी निघते तेही बघितलं आपण. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला महागड्या गाडीखाली दोन तरुण जीव गेले. गाडीवर सतरा वर्षांचा बड्या घरचा पोरगा होता असा गुन्हा नोंदला. जामिनाच्या अटीत तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला. देशभर बोंब झाली म्हणून पुढचं पुढे झालं. आपल्या वस्तीतला सतरा वर्षांचा पोरगा नुसता चौकात उभा असला तरी त्याला 'कोयता गँग' म्हणून गाडीत घालतात. त्याला निबंध कोण लिहू देणार?

सैन्याचं बघा. २०२२ मध्ये अग्निवीर काढले, भरतीचं वय साडेसतरापासून. बंदूक धरायला साडेसतरा आणि बोटाला शाई लावायला अठरा. अमेरिकेत ह्याच मुद्द्यावर भडका उडाला होता. व्हिएतनामच्या जंगलात मरायला अठराव्या वर्षी पाठवता आणि मत एकविसाव्या वर्षी देता? १९७१ मध्ये त्यांना राज्यघटना दुरुस्त करून अठरा करावं लागलं. आपल्याकडे ते यायला आणखी अठरा वर्षं लागली. एकसष्टावी घटनादुरुस्ती, २८ मार्च १९८९ पासून लागू.

आणि मरणाचं? मरणाला तर वयच नाही. २८ एप्रिल २०१४, नगर जिल्ह्यातलं खर्डा. बारावीतला आपला पोरगा, वय सतरा. वरच्या जातीतल्या मुलीशी बोलतो म्हणून शाळेपासून मारत नेला आणि झाडाला लटकवला. नोव्हेंबर २०१७ मध्ये कोर्टाने सगळे आरोपी सोडले. तेव्हा देशात लोकसभेची निवडणूक चालू होती. बाकी सगळ्यांचं सरकार ठरत होतं त्याच दिवसांत त्याचं मरण ठरलं. जातीला तो पुरता वयात आलेला दिसला. मतदारयादीला दिसला नाही.

आता 'समज नाही' ह्या वाक्याकडे येऊ. हे वाक्य मला ओळखीचं वाटतं. वास ओळखीचा आहे त्याचा.

२७ जानेवारी १९१९. मताचा अधिकार कुणाला द्यायचा हे ठरवायला साहेबांनी साउथबरो समिती नेमलेली. तिच्यापुढे सिडनहॅम कॉलेजातला सत्तावीस वर्षांचा प्रोफेसर साक्षीला उभा राहिला. भीमराव आंबेडकर. तेव्हाची चाल अशी की ज्याच्याकडे जमीन, ज्याचा सारा, ज्याचं शिक्षण, त्याला मत. बाबासाहेबांनी विचारलं ते साध्या भाषेत असं : ज्याला अस्पृश्य म्हणून धंदा करू दिला नाही, जमीन घेऊ दिली नाही, त्याच्याकडे मिळकत नाही म्हणून त्याला मत नाही, हा कुठला न्याय? अस्पृश्यांसाठी मताची अट खाली आणा, राजकारणाचं शिक्षण त्यातूनच मिळेल. १९२९ मध्ये सायमन कमिशनसाठी मुंबई कौन्सिलची जी समिती होती तिच्यात ते बसले, बाकीच्यांशी पटलं नाही म्हणून १७ मेला स्वतःचं वेगळं निवेदन दिलं आणि सरळ प्रौढ मताधिकार मागितला. अडाण्याला मत कसं द्यायचं, असं तेव्हा काँग्रेसी वकील, लिबरल रावसाहेब, बडे जमीनदार सगळे विचारत होते. बाबासाहेबांचं उत्तर, ज्याचं रोजचं जगणं कायद्याखाली चिरडतंय त्याला आपलं हित कळायला पुस्तकी शिक्षण लागत नाही, आणि जो सगळ्यात दुबळा त्यालाच मताची गरज सगळ्यात जास्त.

पुढे १९३५ चा कायदा आला तरी मिळकत, कर, शिक्षण ह्या अटी राहिल्याच. आपली घटना समिती ज्या प्रांतिक आमदारांनी निवडली ते आमदारही त्याच तोकड्या मतावर आलेले. २६ जानेवारी १९५० ला कलम ३२६ ने मिळकत उडाली, सारा उडाला, शिक्षणाची अट उडाली. एकच अट उरली, वयाची. मी असं म्हणतो की मिळकतदारांच्या त्या जुन्या वाड्याची ही शेवटची पडकी कमान आहे. १९८९ ला तिचा एक चिरा निघाला. तेव्हाही शहाणे म्हणालेच होते, अठराची पोरं सिनेमा नटाला मत देतील. आणि मोठ्यांनी काय केलं होतं त्याच्या आधी? गेल्या पन्नास वर्षांत पडद्यावरचे देव निवडून देणारे मतदार काय पाळण्यातले होते?

जगात हे खूळ नवं नाही. ब्राझीलने १९८८ च्या घटनेत सोळा वर्षांच्यांना मत दिलं. द्यायचं तर द्या, सक्ती नाही. ऑस्ट्रियाने २००७ मध्ये सोळा केलं. २०१४ मध्ये स्कॉटलंडने वेगळं व्हायचं की नाही यावर कौल घेतला तेव्हा सोळाच्या पोरांना विचारलं. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनच्या सरकारने सोळाचं जाहीर केलं. ज्या साहेबाने आपल्याला मिळकतीच्या अटीत बांधलं तो आता हे करतोय. पण गोऱ्यांचे दाखले मी फार देत नाही. मला काळ्यांचा एक दाखला द्यायचाय.

१६ जून १९७६, सोवेटो. शाळेतली पोरं रस्त्यावर आली, आमच्यावर गोऱ्यांची आफ्रिकान्स भाषा लादू नका म्हणून. पोलिसांनी गोळ्या घातल्या. त्यात बारा-तेरा वर्षांचीही होती. नंतर कित्येक वर्षं त्या देशाचा लढा पोरांनी अंगावर घेतला, शाळा सोडून, तुरुंग भरून. मग १९९३ मध्ये पहिल्या खऱ्या निवडणुकीची बोलणी चालली होती तेव्हा नेल्सन मंडेला म्हणाला, चौदा वर्षांच्यांना मत द्या. ज्या पोरांनी रक्त दिलं त्यांना वगळून कसं चालेल, असा त्याचा हिशोब. त्याची थट्टा झाली. त्याच्याच पक्षातल्या लोकांनी ते खोडून काढलं. अठरा ठरलं आणि १९९४ ला निवडणूक झाली. सत्तावीस वर्षं तुरुंगात काढलेल्या म्हाताऱ्याला पोरांचं देणं दिसत होतं, बाहेरच्या शहाण्यांना दिसलं नाही. मंडेलाचं चौदा मला थोडं जास्त वाटतं, का ते सांगतो. पण त्याचा हिशोब मला मान्य आहे.

का जास्त वाटतं? कालच्या भांडणात एका काकांनी जे विचारलं ते खरं आहे म्हणून. ते म्हणाले, अरे, मत पोराच्या हातात देशील पण पोरगं कुणाच्या हातात आहे? ह्या महाराष्ट्रात शाळा कुणाची? साखर कारखानावाल्याची. कॉलेज कुणाचं? त्याचंच. वसतिगृह, बस, परीक्षेचं केंद्र? त्याचंच, आणि आमदारही तोच किंवा त्याचा पुतण्या. नववीतल्या पोराला वर्गशिक्षक म्हणेल, संस्थेच्या चिन्हावर दाब, नाहीतर दाखल्यावर शेरा मारतो. पोरगं काय करणार? घरी बाप दारूत असेल तर बाप विकेल, पाचशेला विकेल. इथं आळंदीत गावोगावची गरिबांची पोरं वारकरी शिक्षणाला येऊन राहतात. १९१७ मध्ये जोग महाराजांनी काढलेली संस्था तर आहेच, पण खाजगी किती निघाल्या! त्या पोरांच्या मताला महाराज मालक होईल. ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. माझ्या डोळ्यांसमोर हे चित्र येतं.

पण काका, हीच भीती दाखवून आपल्या आजाला मत नाकारत होते ना? महाराचं मत पाटील टाकील. बाईचं मत नवरा टाकील. टाकलंही पाटलाने, बरीच वर्षं टाकलं. त्यावर उपाय मत काढून घेणं हा नव्हता, पाटलाचा हात काढून घेणं हा होता. म्हणून माझी मागणी मी मोजून करतो. पार्लमेंट, विधानसभा, जिल्हा परिषद, नगरपालिका, सगळीकडे सोळा. सोळा का, तर मॅट्रिकची परीक्षा बहुतेक त्याच वयात संपते आणि आपली निम्मी पोरं त्यानंतर मजुरीला लागलेली असतात, मास्तरच्या हाताखालून निघालेली, ठेकेदाराच्या हाताखाली गेलेली. त्यांना पगाराचा, पाण्याचा, पोलिसाचा प्रश्न बापाइतकाच लागू आहे. आणि ज्या शाळा-कॉलेजात पोरगं शिकतं त्या आवारात त्याचं मतदान केंद्र नको, ज्या वसतिगृहात राहतं त्याच्या चालकाला त्या दिवशी पोरं मोजून नेता येणार नाहीत, ही अट कायद्यातच हवी. नाहीतर सोळाचं मत म्हणजे शिक्षणसम्राटाला फुकटची खोगीरभरती. नुसतं 'वय कमी करा' एवढं लिहून ठराव करणार असाल तर मीच तो गाळा म्हणेन.

दुसरी भीती, पोरं मिरवणुकीत नाचतात, मोबाइलवर दुसऱ्याच्या धर्माचा द्वेष बघतात, तसंच मत देतील. देतील. काही देतील. त्या मिरवणुकीला स्पीकरच्या भिंती लावून देणारा, पोरांना टीशर्ट वाटणारा पन्नाशीचा असतो आणि त्याला मत आहे. द्वेष मोबाइलवर पोरांनी तयार केला नाही, तो मोठ्यांनी तयार करून पोरांना वाटला. आज फुकटात वापरतात ती पोरं. मत असतं तर निदान त्यांना काहीतरी सांगायला, काहीतरी द्यायला यावं लागलं असतं. इंद्रायणीच बघा. वारी जवळ आली की नदीवर पांढरा फेस तरंगतो, त्याचे फोटो येतात, पुढारी येतात, कारखान्यांना नोटिसा निघाल्या म्हणून बातमी येते, वारी जाते, फेस राहतो. ह्या पाण्याकाठी पुढची साठ वर्षं जगायचंय ते आज चौदा-पंधराचे आहेत. आणि वरच्या अंगाला जी पिंपरी-चिंचवड महापालिका, तिची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. पुढे तीन वर्षांहून अधिक काळ निवडणूकच नाही, प्रशासकाचा कारभार. तेव्हा मतवाल्या मोठ्यांनी काय केलं? घरी बसले. तेव्हा समज कुणाची मोजायची?

पोरांना कारभार कळत नाही म्हणता तर शेजारच्या कर्नाटकात जाऊन या. तिथं काम करणाऱ्या मुलांची 'भीम संघ' नावाची संघटना आहे, १९९० पासून. त्या मुलांनी गावोगाव मुलांच्या पंचायती उभ्या केल्या, स्वतः मतदान करून निवडलेल्या. ओढ्यावर साकव नाही म्हणून शाळा बुडते, अंगणवाडी लांब आहे म्हणून थोरली बहीण घरी राहते, असले मोठ्यांच्या पंचायतीला न दिसणारे प्रश्न घेऊन ती भांडली. पुढे तिथल्या सरकारला मुलांची ग्रामसभा भरवा म्हणून आदेश काढावे लागले. आपल्या पुरोगामी महाराष्ट्रात काय? नव्वदच्या दशकात कॉलेजांतल्या विद्यार्थ्यांच्या निवडणुका बंद करून टाकल्या, मारामाऱ्या होतात म्हणून. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात त्या परत आणायचं लिहिलं आणि २०१९ मध्ये विधानसभेचं कारण सांगून पुढे ढकलल्या. विधानसभेला मारामाऱ्या होत नाहीत वाटतं.

तिसरं म्हणणं आपल्यातल्या जहाल मित्रांचं. ते म्हणतात, मताने काय झालंय? हे संसदीय ढोंग आहे, त्यात आणखी पोरं कशाला कोंबता? हे म्हणणं मी टाळून जाणार नाही. इथून येरवडा जवळ आहे. २४ सप्टेंबर १९३२ ला तिथल्या तुरुंगात कागदावर सह्या झाल्या आणि आपल्या हाती आलेलं दुहेरी मत, स्वतंत्र मतदारसंघ, सगळं गेलं. राखीव जागा मिळाल्या, पण त्या जागेवर कोण बसणार ते सवर्णांच्या मतांवर ठरायला लागलं. १९५२ ला उत्तर मुंबईत खुद्द घटनाकार पडले. तेव्हा मत म्हणजे मुक्ती असं मी कधीच म्हणणार नाही. पण वरळी आठवा. जानेवारी १९७४, मध्य-दक्षिण मुंबईची पोटनिवडणूक. गावोगाव अत्याचार चाललेत, सरकार ढिम्म, तेव्हा पँथरने मतदानावर बहिष्कार पुकारला. बीडीडी चाळीत सभा उधळली, दंगल पेटली, १० जानेवारीला मोर्चावर वरून टाकलेल्या दगडाने भागवत जाधव गेला. त्या बहिष्काराने सत्ताधारी पक्षाची जागा गेली. आता हिशोब करा. तेव्हा मताचं वय एकवीस. त्या मोर्चात, त्या चाळीत, पोलिसांवर चालून जाणाऱ्यांत विशीच्या आतले किती असतील? त्यांनी बहिष्काराच्या घोषणा दिल्या, लाठ्या खाल्ल्या, पण त्यांना बहिष्कार टाकता येत नव्हता. बहिष्कार टाकायलासुद्धा मत हातात असावं लागतं! ज्याच्याकडे काहीच नाही त्याने नाकारायचं काय?

आणि आता शेवटचं, ज्यावरनं काल खरं भांडण पेटलं. सरकारकडे सोळा मागणारे आपण, आपल्या घरात काय करतो? मोर्चा निघाला की पुढे कोण? चौदा-पंधराची पोरं. झेंडा त्यांच्या हातात, कारण मोठ्यांचे खांदे दुखतात. जयंतीची वर्गणी तीच फिरून आणतात, पताका तीच बांधतात. दगडफेक झाली की सापडतात तीच, कारण त्यांना पळायच्या वाटा माहीत नसतात. २०१८ च्या जानेवारीत भीमा कोरेगावनंतर बंद झाला, त्यानंतर वस्त्यांवस्त्यांतून पोलिसांनी अल्पवयीन पोरं उचलली. त्यांच्या केसेसला वकील बघायची वेळ आली तेव्हा किती पुढारी फोन उचलत होते? मग निवडणूक आली. पाठिंबा कुणाला द्यायचा, कुठल्या पक्षाशी युती करायची, किती जागांवर तह करायचा, हे बंद खोलीत ठरलं. ज्याच्या नावावर केस आहे तो पोरगा बाहेर चहाचे ग्लास धुत होता. पोरींचं तर बोलायलाच नको, त्या खोलीच्या बाहेरसुद्धा नव्हत्या, भाकऱ्या थापत होत्या. बामणाने आपल्याला गावाबाहेर ठेवलं, आपण आपल्या पोरांना खोलीबाहेर ठेवलं.

म्हणून कलमात माझी एक भर आहे. सरकारकडे सोळाची मागणी, आणि आपल्या संघटनेत आजपासून चौदा. इथं संस्थेचा दाखला नाही, आमदाराचं वसतिगृह नाही, मास्तरची छडी नाही. इथं चौदाव्या वर्षी मत द्यायला आपल्याला कुणी अडवलेलं नाही, आपल्याशिवाय. शाखेचा अध्यक्ष निवडताना, वर्गणीचा हिशोब मंजूर करताना, मोर्चा काढायचा की नाही हे ठरवताना चौदा वर्षांवरच्या प्रत्येक पोरापोरीचा हात मोजायचा. ज्याला मोर्चात पुढे उभा करता त्याला बैठकीत मागे बसवायचं नाही. हे सोपं आहे, खर्च शून्य, घटनादुरुस्ती लागत नाही.

एक कामाची गोष्टही सांगतो, ठराव होवो न होवो. २०२२ पासून निवडणूक आयोगाने सतरा पूर्ण झालेल्याला आगाऊ अर्ज भरायची सोय केली आहे आणि वर्षातून चार तारखा धरल्या आहेत : १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. यातल्या ज्या तारखेला अठरा भरेल तेव्हा नाव यादीत चढतं. चाकण पट्ट्यात खोल्या करून राहणारी मराठवाड्याची, विदर्भाची पोरं ना गावच्या यादीत सापडत, ना इथल्या. घरमालक भाडेकरार देत नाही, पत्ता नाही, मग मतही नाही. प्रत्येक शाखेने आपल्या भागातली अशी नावं काढून अर्ज भरून घ्यावेत. सहा नंबरचा फॉर्म. आज संध्याकाळपर्यंत दारातल्या टेबलावर ठेवलेले आहेत.

आता अध्यक्ष ठरावाला टाकतील. मागच्या भिंतीला टेकून बारा-पंधरा पोरं बसलीत, देहूरोडची आहेत, काही चिखलीची. काल भांडण चाललं तेव्हा हीच पोरं सतरंज्या घालत होती. अध्यक्षमहाराज, माझी विनंती अशी की हात मोजताना त्यांचेही हात मोजा. ती विरोधात गेली तरी मोजा. त्यांचे हात न मोजता कलम मंजूर होणार असेल तर ठरावाखालचं माझं नाव काढून टाका.

जयभीम.